आडवी सायकल

माझ्या मणक्यात गॅप पडली तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. नांदगाव स्टेशनापासून पाच किलोमीटरवर एक तंत्रशाळा होती, तिथं मी मुलांना मशीन ड्रॉइंग शिकवायचे. घर नाशिक रोडला, जेल रोडवरच्या एका कॉलनीत. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. नव्वदीच्या मध्याला आमच्या कॉलनीतली निम्मी माणसं असंच कुठंतरी अप-डाऊन करत होती, त्यात नवल काही नव्हतं. गाडीचा त्रास नव्हता. पाठ गेली ती शेवटच्या पाच किलोमीटरांत. एक काळी-पिवळी जीप, तिच्यात पंधरा माणसं, आणि खडी उघडी पडलेला रस्ता. एका सोमवारी जीप खड्ड्यात आदळली. उतरले तेव्हा डावा पाय जमिनीला टेकला की नाही तेच मला कळेना.

डॉक्टरांनी महिनाभर फळीवर झोपवलं. महिन्यानं तपासून म्हणाले, "नोकरी सोडा, नाहीतर धक्के सोडा. स्कूटर, रिक्षा, जीप बंद. साधी सायकलही नको, वाकून बसायचं नाही."

नोकरी सोडायची माझी तयारी नव्हती. तशी नोकरी मला दुसरीकडे मिळालीही नसती.

डॉक्टरांनी एक व्यायाम दिला होता. उताणं पडायचं, गुडघे वर घ्यायचे आणि हवेत सायकल चालवायची. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. आमचं घर दोन खोल्यांचं. माझे सासरे नोटांच्या सरकारी प्रेसच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. बाबा फार कमी बोलत. सहा वर्षांत आमचं बोलणं "चहा ठेवू का" आणि "पेपर आला का" यापुढे गेलं नव्हतं. माझ्या व्यायामाच्या वेळी ते गॅलरीत जाऊन बसायचे. आत यायचं झालं तर आधी खोकायचे.

एका संध्याकाळी ते खोकले आणि दाराबाहेरच पाठ करून उभे राहिले.

"पाय फिरवतेस तेव्हा दुखतं का गं?"

"नाही बाबा. उलट तेवढ्या वेळच बरं वाटतं."

मी पुन्हा पाय फिरवायला लागले. मला वाटलं गेले. मग म्हणाले, "मग त्याच्याखाली चाकं लावू."

मला हसू आलं. ते मात्र हसत नव्हते. मी उठून बसले आणि सांगितलं की अशी सायकल परदेशात असते, शाळेच्या लायब्ररीतल्या एका जुन्या मासिकात मी तिचं बोटभर चित्र पाहिलंय. त्यात एक माणूस आरामखुर्चीत पडल्यासारखा होता आणि त्याचे पाय पुढे पेडलवर होते. "पण ती नांदगावला कशी न्यायची? डब्यात मावायला तर हवी."

"घडी करू," बाबा म्हणाले. चादरीची घडी करावी, तितक्या सहज.

पुढच्या रविवारी मी, बाबा आणि माझा नवरा असे आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मी सिमेंटवर आडवी झाले, पाठीला उशी लावून अर्धवट उठले, पाय पेडलवर असल्यासारखे धरले. बाबांनी टेप आणि खडू माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वतः पाण्याच्या टाकीपाशी जाऊन दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. तिथूनच सूचना चालल्या होत्या. "गुडघा पूर्ण सरळ नको. थोडा वाकलेलाच धर. टाचेचं माप घेतलंस का? खांदा कुठं येतो ते पण मार." मी उठले तेव्हा गच्चीवर माझीच खडूची आकृती पडली होती. तिच्याभोवती मी चाकं काढली, मधला पाइप काढला, साखळी काढली. शेजारच्या बायका आठवडाभर वाळवणं तिच्या कडेकडेनं घालत होत्या.

मग मी कागदावर चित्र उतरवलं, समोरून, वरून, आणि सांध्याचं वेगळं. बाबा चष्मा लावून अर्धा तास ते बघत बसले. मग एकेका रेघेवर बोट ठेवून विचारायला लागले, ही का, ही इथंच का. मला जरा लागलं. मी म्हटलं, "बाबा, चुकलंय का काही?"

"चुकलं नाही. चौतीस वर्षं वरनं कागद यायचे आणि आम्ही करायचो. काढणाऱ्याला का म्हणून विचारायची सोय नव्हती. आता काढणारी घरातच आहे, म्हणून विचारतोय."

त्या दिवसापासून आम्ही बोलायला लागलो.

मागची बाजू माझ्याच जुन्या लेडीज सायकलची घेतली. पुढचं चाक शेजारच्या मुलीच्या लहान सायकलचं. दोघांना जोडणारा एक जाड चौकोनी पाइप, आणि तो बरोबर मधोमध कापलेला, कारण तिथं घडी पडायची होती. सायकल जोडून दिली ती जेल रोडवरच्या ग्रिलवाल्या चाचांनी. गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करणारा हा म्हातारा माणूस माझं ड्रॉइंग उलटसुलट करून बघत म्हणाला, "ताई, ये सायकल है या पलंग?" बाबा म्हणाले, "दोन्ही."

सांध्याला आधी गेटची जाड बिजागरी लावली. सायकल उभी करून मी नुसती हात टेकून दाबली, तर मधोमध ती भाजीच्या देठासारखी लवली. चाचा म्हणाले, दोन बिजागऱ्या लावू. बाबांनी मान हलवली. कापलेल्या पाइपच्या दोन तोंडांवर बसवायला त्यांनी अर्धा इंच जाडीच्या लोखंडाचे दोन तुकडे घरी आणले, गॅलरीत लोखंड घट्ट पकडणारा शेगडा बसवला आणि ते घासायला कानस घेऊन बसले.

त्यानंतरचे पंधरा-सोळा दिवस मी जे पाहिलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. मी फळ्यावर मुलांना रोज शिकवायचे, हा पृष्ठभाग अमुक इतका सपाट हवा, तमुक शतांश मिलिमीटरचा फरक चालेल. ते आकडे मी लिहीत होते, पण सपाट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. बाबा जाड काचेवर निळ्या रंगाचा पातळ हात मारायचे, त्यावर लोखंडाचा तुकडा हळूच ठेवून सरकवायचे आणि उचलून बघायचे. जिथं निळं लागलं तिथं उंचवटा. तेवढाच कानशीनं काढायचा. पुन्हा पुसायचं, पुन्हा ठेवायचं. पहिल्या दिवशी दोन-तीन ठिपके उमटले. आठव्या दिवशी पंधरा-वीस. माझी पाठ बरी होत होती, मी दाराला टेकून बघत बसायचे. कानस जाताना त्यांचा श्वास थांबायचा, परत येताना सुटायचा. शेवटी एका सकाळी त्यांनी दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले आणि खिडकीच्या उजेडात माझ्या डोळ्यांसमोर धरले.

"उजेड दिसतो का?"

दिसत नव्हता. फटीतून धागाभरही ऊन येत नव्हतं. दोन लोखंडं होती ती एक झाली होती. मग त्यांनी नुसता वरचा तुकडा उचलला तर खालचा क्षणभर त्याला चिकटून वर आला आणि मग सुटला. माझ्या अंगावर काटा आला. मी आत जाऊन उगाच चहा ठेवला.

सीटला आम्ही फोम लावणार होतो. बाबांनी त्याऐवजी पाइपच्या चौकटीवर खाटेची नवार विणली, ताठ ओढून. खड्डा आला की ती जरा झुलायची आणि धक्का पाठीपर्यंत पोचायचाच नाही. हँडल सीटच्या खाली होतं, खुर्चीच्या हातांसारखं दोन्ही बाजूंना, आणि एका सळईनं पुढच्या चाकाला जोडलेलं. रद्दीवाल्याच्या काट्यावर सगळं वजन एकवीस किलो भरलं.

ती चालवता मात्र येईना. कॉलनीमागच्या मैदानात रविवारी सकाळी बाबा सीटची मागची दांडी धरून पळायचे, आणि त्यांनी हात सोडला की मी चार हातांवर आडवी. पडायला उंचीच नव्हती, त्यामुळे लागायचं नाही, पण कॉलनीतली माणसं गॅलरीतून बघायची. सायकल मला लहानपणापासून येत होती, आणि तेच नडत होतं. मी खांदे वापरत होते, आणि या सायकलवर खांद्यांना कामच नव्हतं.

तिसऱ्या रविवारी बाबा धापा टाकत खाली बसले. म्हणाले, "पेडल मारू नको. त्या उतारावर नुसती सोडून दे. मान टेकव. काही करू नकोस."

मी मान टेकवली, पाय उचलून पेडलवर ठेवले आणि सोडून दिलं.

चाकं फिरायला लागली. माझ्या दोन पावलांच्या मधून मैदान माझ्याकडे येत होतं. मी काही करत नव्हते आणि मी पडत नव्हते. मग नजर आपोआप वर गेली आणि समोर सगळं आभाळ होतं. साध्या सायकलवर आपण रस्ता बघतो, पुढच्याची पाठ बघतो. इथं मी पाळण्यातल्या मुलासारखी पडले होते, वारा तळपायांना लागत होता आणि एक घार माझ्याबरोबर सरकत होती. दोन महिन्यांपूर्वी मला पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जाता येत नव्हतं. मैदान संपलं, गवतात चाक रुतलं, मी थांबले. मागून नवऱ्याचा आरडाओरडा ऐकू येत होता. मला उठावंसंच वाटेना.

पहिल्या दिवशी रस्त्यावर नेली तेव्हा वेगळंच झालं. मारुतीच्या देवळापुढून जाताना पारावर बसलेले एक आजोबा ताडकन उठले. "अगं ए बाई! देवाला पाय दाखवत चाललीस? घरात कुणी शिकवलं नाही का?"

मी उतरले. खरंच, या सायकलवर माझे पाय सगळ्यांच्या तोंडासमोर होते. देव, म्हातारी माणसं, येणारा-जाणारा, सगळ्यांना मी आधी तळवे दाखवत होते. इतकी मापं काढली, पण हे माझ्या मनातच आलं नव्हतं. सायकल हातात धरून घरी आले आणि बाबांना सांगितलं. ते रोज त्याच देवळात जाणारे. मला वाटलं, आता संपलं.

बाबा म्हणाले, "माझ्या मनात ते गच्चीवरच आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी पाठ आधी. तान्हं मूल आईच्या मांडीवर असतं तेव्हा देवाकडे त्याचे पायच असतात. त्याला कोण रागावतं?" मग म्हणाले, "पण त्या आजोबांचंही मन राखायला हवं. देवळापुढं उतरून चालत जात जा." मी तसंच करत आले.

खरी परीक्षा स्टेशनवर होती. सायकलची घडी मोठ्या ट्रंकेएवढी व्हायची आणि सपाट जागी आपल्या चाकांवर ओढता यायची, पण डब्यात एकवीस किलो उचलायला माझ्या पाठीला मनाई. बाबांनी तो प्रश्न मी विचारायच्या आधीच सोडवला होता. पहिल्या दिवशी ते माझ्या आधी प्लॅटफॉर्मवर उभे होते, हातात प्लॅटफॉर्म तिकीट. गाडी आली, त्यांनी सायकल बायकांच्या डब्यात चढवली आणि निघून गेले. ही त्यांची रोजची ड्यूटी झाली. संध्याकाळी शाळेतून घरी परतणारी नांदगावची मुलं ती गाडीत चढवायची, आणि इकडे उतरवायला नवरा यायचा.

नांदगावला कोण उतरवणार, हे मी ठरवलेलंच नव्हतं. त्या डब्यात एक फुलवाली यायची. नाशिकच्या मळ्यातली शेवंती आणि झेंडू पाटीत भरून नांदगावच्या बाजारात न्यायची. चादरीत गुंडाळलेल्या घडीकडे ती मनमाडपर्यंत बघत होती.

"शिलाई मशीन हाय का ताई?"

"नाही हो, सायकल आहे."

"सायकल?" तिनं चादरीवर हात फिरवला. "मोडकी हाय मंग."

मी पाठीचं सांगितलं. नांदगाव आल्यावर तिनं पाटी एका बाईकडे दिली, कमरेला पदर खोचला आणि सायकल एकटीनं खाली ठेवली. "लय जड हाय गं. उद्या बी मीच उतरवीन, तू हात लावू नको." आणि पाटी डोक्यावर घेऊन ती बाजाराच्या घाईत निघूनही गेली.

स्टेशनबाहेर मी घडी उघडली, खटका दाबला, सांधा बसला. वस्ती मागे पडली आणि दोन्ही बाजूंना बाजरी आली. मी इतकी खाली होते की कणसं माझ्या डोक्यावरून वाकत होती. त्या रस्त्यानं मी दोन वर्षं जीपमध्ये कोंबून गेले होते आणि मला तो ठाऊक होता असं मी समजत होते. बाजरीत इतके आवाज असतात हे मला माहीत नव्हतं. पाखरांचा थवा उठला तो माझ्या थेट वरून गेला, त्यांची पोटं दिसली, पांढुरकी. एक शेळी माझ्या बरोबरीनं चालत राहिली, तिचे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. वारा समोरून होता, जीपच्या ताडपत्र्या फडफडवणारा वारा, पण माझ्यावरून तो निसटून जात होता. बैलगाडीवाल्यानं बैल थांबवले आणि मी जाईपर्यंत तो उठून उभा राहिला होता. शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा माझ्या पाठीत एक कळ नव्हती, आणि माझे डोळे भरून आले होते. शिपायानं विचारलं, "मॅडम, लागलं का कुठं?"

सहा-सात महिने फुलवाली रोज सायकल उतरवत होती. एका सकाळी ती बाजाराकडे वळायची थांबली. "उघड की एकदा. रोज उचलते, पण बघितली नाय."

मी घडी उघडली, बसले, आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. तिची पाटी डोक्यावर तशीच होती.

"आगं बया," ती म्हणाली. "तू तर पाळण्यात बसून कामाला निघालीस." मग पाटीतून शेवंतीचं एक फूल काढून तिनं हँडलच्या सळईत खोचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. मग रोजच.

पाच वर्षं असं चाललं. पावसाळ्यात दोन महिने सुट्टी घ्यावी लागायची, दोनदा साखळी तुटली, नवार एकदा बदलली. मग माझी बदली नाशिक शहरात झाली. दारापासून बस होती, रस्ता चांगला होता, पाठही सुधारली होती. सायकल घडी होऊन गॅलरीत उभी राहिली.

बाबा तिच्यावर एकदाही बसले नव्हते. मी कितीदा म्हटलं, तर एकच उत्तर, "तुझ्या मापाची आहे." आणि ते खरं होतं, बाबा माझ्याहून वीतभर उंच.

त्या दिवाळीत ते माझ्या नणंदेकडे आठ दिवस राहायला गेले. मी पुढचा पाइप कापून त्यात दुसरा सरकणारा पाइप बसेल असं ड्रॉइंग केलं आणि चाचांकडे गेले. पेडल त्यामुळे पुढे-मागे सरकणार होते. चाचांनी कापून जोडून दिलं. पण पाइप पाइपात अडकत होता, तो मोकळा करायचं काम मी कुणाला दिलं नाही. बाबांची कानस घेतली, निळा रंग घेतला आणि गॅलरीत बसले. माझ्या हाताला फोड आले. चार दिवसांनी पाइप सरकायला लागला.

बाबा आले, त्यांनी पिशवी ठेवली आणि कपडेही न बदलता गॅलरीत गेले. पाइप बाहेर ओढला, आत ढकलला. कडेवरून अंगठा फिरवला.

"कानस तू मारलीस?"

"हो."

"डावीकडे जरा जास्त खाल्लीय."

त्यांनी पुन्हा एकदा पाइप सरकवला. "पण बसतंय," म्हणाले. चौतीस वर्षांच्या फिटरनं माझ्या हाताला दिलेलं ते सर्टिफिकेट होतं. माझ्या शासकीय सर्टिफिकेटाला मी कधी इतका जीव लावला नव्हता.

रविवारी पहाट फुटल्यावर आम्ही लॅम रोडला गेलो. मी आणि नवरा स्कूटरवर, बाबा सायकलवर, आमच्या मैदानात चार दिवस सराव करून तयार झालेले. वय सत्तर. डोक्याला रुमाल. देवळाली कॅम्पकडे जाणारा तो रस्ता त्या वेळी गर्द झाडीचा होता, वाहन क्वचित. बाबा निघाले, आम्ही मागे. ठरलं होतं कॅम्पपर्यंत. कॅम्प आला आणि गेला. नवऱ्यानं हॉर्न वाजवला, बाबांनी हात वर केला आणि पेडल मारत राहिले. भगूरच्या पुढे रस्ता मोकळा झाला, एका उतारावर ते आमच्या नजरेआड गेले.

वळण घेतलं तर सायकल रस्त्याच्या कडेला गवतात थांबलेली, आणि बाबा तिच्यात तसेच पडलेले, हात खाली लोंबलेले, हालचाल नाही. नवऱ्यानं स्कूटर जवळजवळ टाकूनच दिली. मी ओरडले, "बाबा!"

बाबांनी एक हात वर करून आम्हाला गप्प केलं.

वरून बगळे चालले होते. मोठी लांब रांग, एकामागे एक, पंखांचा आवाजसुद्धा ऐकू येईल इतके खाली. सूर्य अजून डोंगराच्या मागे होता, पण त्यांच्या पोटांना खालून गुलाबी उजेड लागला होता. शेवटचा बगळा दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघं तसेच. मग बाबांनी मान वळवली. सहा वर्षं माझ्याशी न बोललेल्या आणि नंतर रोज बोललेल्या त्या माणसाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. तो म्हाताऱ्याचा नव्हता. कुणाचाच नव्हता.

"तू रोज हे बघत जायचीस?"

"हो बाबा."

"पाच वर्षं?"

"हो. तुम्हाला संध्याकाळी सांगायचे की."

"सांगायचीस," ते म्हणाले. "मला वाटायचं तू बाजरीचं सांगतेयस."

नवऱ्यानं त्यांना उठवायला हात पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला, चाक गवतातून रस्त्यावर आणलं, आणि घराकडे न वळता पांढुर्लीच्या दिशेनं निघाले. आम्हाला मागे जावंच लागलं.

त्यानंतर बाबांनी ती सायकल मला कधी परत दिली नाही. मी मागितलीही नाही.